तट शाबूत होता, आरमार गेले होते

शाळेच्या इतिहासात १४५३ हे साल एका ओळीत येते. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, पूर्वेकडचा व्यापारी मार्ग अडला आणि युरोपातले लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. लगेच वास्को-द-गामा कालिकतला पोहोचतो. जे राज्य पडले ते कोणाचे, किती जुने, इतकी शतके कशावर टिकले, याबद्दल चकार शब्द नाही.

माझा नातू याच शाळेत शिकतो. सुट्टीत आमच्याकडे आला तेव्हा त्याने त्या वेढ्यावरची कुठलीशी फिल्म पाहिली होती, आणि दोन दिवस घरात तोफा, तटबंदी आणि शेवटचा सम्राट याखेरीज विषय नव्हता. अकराव्या कॉन्स्टंटाइनने राजचिन्हे काढून टाकली, तटाच्या खिंडारात शिरला आणि साध्या शिपायासारखा लढता लढता पडला, हे त्याला फार भावले. भावण्यासारखेच आहे. पण सैनिकी शाळेतल्या मुलांनी त्या शेवटच्या पहाटेपेक्षा तिच्याआधीची चारशे वर्षे जास्त लक्ष देऊन वाचावीत असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच मराठी पानावर ही जागा मागून घेतली.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझा कल कळेल. माझी सगळी नोकरी एएससीत, म्हणजे सेना सेवा कोअरमध्ये गेली. रेशन, इंधन, गाड्या, खेचरे आणि त्या सगळ्यांचे हिशेब. लग्नकार्यात लोक विचारायचे, "म्हणजे प्रत्यक्ष लढाईत नाही ना?" त्याला उत्तर द्यायचे मी फार पूर्वी सोडून दिले. तेव्हा कुठलेही राज्य बुडाल्याचे वाचले की माझी नजर पहिल्यांदा कोठाराकडे आणि खजिन्याकडे जाते, तलवारीकडे नंतर. हा कल समजून पुढचे वाचावे.

निवृत्तीनंतर मी म्हैसूरला गोकुलममध्ये राहतो. इथे जगभरातून योग शिकायला माणसे येतात. एकदा बसथांब्यावर एका ग्रीक मुलीने बसवरच्या दोन डोक्यांच्या पक्ष्याकडे बोट दाखवून मला विचारले, "आमचा गरुड तुमच्या बसवर कसा?" तो गंडभेरुंड. वाडियारांचे राजचिन्ह, आज कर्नाटक सरकारचे. मी तिला सांगितले की आमच्याकडे बळ्ळिगावीला अकराव्या शतकातला गंडभेरुंडाचा स्तंभ उभा आहे, तेव्हा पक्षी आमचाच. तिच्याकडचा दुतोंडी गरुड कॉन्स्टँटिनोपलच्या शेवटच्या, पॅलिओलोगस घराण्याचे चिन्ह होता. आज तो ग्रीक चर्चच्या झेंड्यावर आहे, आणि त्या शहरातून निर्वासित होऊन आलेल्यांनी १९२४ मध्ये अथेन्समध्ये काढलेल्या फुटबॉल क्लबच्या शर्टावरही. दोन पक्ष्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण त्याला पुरावा नाही. खरे नाते सोन्याच्या नाण्यांचे आहे, आणि ते आपल्या कल्याणपर्यंत येते.

आधी त्या राज्याबद्दल थोडे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३० मध्ये बॉस्फरसच्या काठी नवी राजधानी वसवली. पश्चिमेकडचे रोम पाचव्या शतकात कोसळले, पूर्वेकडचे आणखी हजार वर्षे चालले. "बायझंटाईन" हे नाव त्यांना कोणी हयातीत दिले नाही. राज्य बुडाल्यावर शंभर वर्षांनी जर्मन विद्वानांनी ते रूढ केले. ते लोक शेवटपर्यंत स्वतःला रोमन म्हणवीत. भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती, कायदा रोमन. जस्टिनियनने ५२९ ते ५३४ या काळात तो कायदा एकत्र करवून घेतला आणि युरोपातली अर्धी न्यायालये आजही त्या पायावर उभी आहेत. त्याचेच हागिया सोफिया ५३७ मध्ये पुरे झाले. प्लेटो आणि होमर आज वाचता येतात, ते बरेचसे तिथल्या लेखनिकांनी पिढ्यान्पिढ्या नकला उतरवल्या म्हणून. रशियाची लिपी आणि धर्म तिथूनच गेले. हे सगळे मोठे आहे, पण कॅडेटने त्यांच्याकडून घ्यायचे ते वेगळे.

ही माणसे युद्धावर पुस्तके लिहीत. सहाव्या शतकाच्या अखेरीस मॉरिस नावाच्या सम्राटाच्या नावे एक ग्रंथ तयार झाला, "स्ट्रॅटेजिकॉन". शत्रू एकच नसतो, इराणी वेगळा लढतो, स्टेपवरचा घोडेस्वार वेगळा, फ्रँक वेगळा, स्लाव्ह वेगळा, हे त्यात एकेका समाजाचे प्रकरण करून सांगितले आहे. मैदानात समोरासमोर नशीब आजमावण्यापेक्षा शत्रूला उपासमारीने, छाप्याने आणि हुलकावणीने नमवावे, असा त्याचा एकूण रोख. दहाव्या शतकात सरहद्दीवरच्या चकमकींवर आणखी एक ग्रंथ झाला. हल्लेखोराला आत येऊ द्यावे, गावे आधीच रिकामी करावीत, त्याच्या मागावर राहावे आणि लूट लादून तो परत फिरला की घाटात गाठावे, अशी त्याची शिकवण. हे वाचताना १६६१ ची उंबरखिंड आणि तिथे कोंडलेला कारतलबखान आठवला नाही तर तो मराठी वाचक कसला! महाराजांनी काही ग्रीक पुस्तक वाचले नव्हते. थोड्या फौजेनिशी मोठ्या शत्रूला तोंड देणारा शहाणा माणूस डोंगर पाहून त्याच निष्कर्षाला येतो, इतकेच.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते सातव्या कॉन्स्टंटाइनच्या दरबारी, दहाव्याच शतकात, संकलित झालेले टिपण. सम्राट स्वारीवर निघाला की बरोबर काय न्यावे, याचे. ओझ्याची जनावरे कोणी किती पुरवायची, तंबू कोणते, भांडी कोणती, भेटी देण्यासाठी कापड किती. बरोबर न्यायच्या पुस्तकांचीही यादी आहे, आणि तिच्यात युद्धशास्त्राबरोबर हवामानावरचे आणि स्वप्नांचा अर्थ सांगणारे पुस्तकही आहे. आमच्या लोड टेबलमध्ये स्वप्नांना कॉलम नव्हता.

आता नाणे. कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सोन्याचे एक नाणे पाडले, सॉलिडस. वजन सुमारे साडेचार ग्रॅम. त्याचा कस जवळजवळ सातशे वर्षे राखला गेला. सात शतके शिपायाला, आरमारातल्या खलाशाला, शत्रूच्या सरदाराला फितवायला आणि परक्या राजाला खंडणी द्यायला एकच खरे नाणे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी, जो पुढे भिक्षू झाला, त्याने एक चमत्कारिक ग्रंथ लिहिला. पृथ्वी गोल नसून पेटीसारखी आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने तो लिहिला, त्यामुळे त्याचे मुख्य म्हणणे सोडून द्यायचे आणि बंदरांची माहिती घ्यायची. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत तो कल्याणचे नाव घेतो. तिथून धातू, लाकूड आणि कापड जाते, तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमून येतो, असे तो लिहितो. लोकलचे जंक्शन म्हणून आपण ज्याला ओळखतो ते हे कल्याण.

त्याच ग्रंथात सिंहलद्वीपाची एक हकीकत आहे. सोपाट्रोस नावाचा रोमन व्यापारी आणि एक इराणी एकाच वेळी तिथल्या राजापुढे उभे राहिले. कोणाचा राजा मोठा, असा प्रश्न निघाला. इराणी आपल्या राजाचे गुण गाऊ लागला. सोपाट्रोस म्हणाला, दोन्ही राजे इथेच आहेत, बघून घ्या, आणि दोघांची नाणी पुढे ठेवायला लावली. इराणचे चांदीचे, रोमचे चोख सोन्याचे. राजाने निकाल दिला आणि सोपाट्रोसची हत्तीवरून मिरवणूक निघाली. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण ती नाणी इथवर आली हे जमिनीनेच दाखवले आहे. हावेरी जिल्ह्यात हानगलजवळ अक्की आलूर इथे पाचव्या-सहाव्या शतकातल्या या सोन्याच्या नाण्यांचा साठा सापडला. दक्षिणेत सापडलेल्या अशा कितीतरी नाण्यांना वरच्या बाजूला दोन भोके पाडलेली असतात. सम्राटाचा चेहरा सरळ दिसेल अशा बेताने. म्हणजे ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली जात.

आता घरातल्या आईला किंवा आजीला पुतळ्यांच्या माळेबद्दल विचारा. ही पुतळी मुळात कोण? मराठेशाहीच्या कागदांत पुतळी म्हणजे व्हेनिसची सोन्याची मोहोर, डुकाट. तिच्यावर उभ्या माणसांची चित्रे, म्हणून पुतळी. दख्खनच्या बायकांच्या गळ्यात आधी कॉन्स्टँटिनोपलचे सोने होते, काही शतकांनी व्हेनिसचे आले. व्हेनिस म्हणजे एके काळी कॉन्स्टँटिनोपलच्या छत्राखालचे एक बंदर. मधल्या काळात काय झाले, तेच मला सांगायचे आहे.

अकराव्या शतकात नाण्यात भेसळ सुरू झाली. १०७१ मध्ये मांझिकर्टला तुर्कांनी सम्राटालाच पकडले आणि शिपाई पुरवणारा अनातोलियाचा मोठा भाग हातचा गेला. दहा वर्षांनी पश्चिमेकडून नॉर्मन चालून आले. त्या वेळी गादीवर असलेल्या अलेक्सियस कॉम्नेनसजवळ पुरेशी जहाजे नव्हती. त्याने व्हेनिसची मागितली, ती मिळाली, आणि मोबदल्यात १०८२ मध्ये सोनेरी शिक्क्याची सनद दिली: साम्राज्याच्या बंदरांत व्हेनिसच्या मालाला जकात माफ, राजधानीत वखारींसाठी जागा आणि धक्के. खुद्द साम्राज्यातला व्यापारी शंभराला दहा जकात भरत होता. परक्याला माफी आणि घरच्याला दहा टक्के! पुढच्या शंभर वर्षांत धक्क्यावर कोण उरले असेल ते सांगायला नको.

मी अलेक्सियसला दोष देत नाही. घराला आग लागली की शेजाऱ्याची बादली घ्यावीच लागते. दोष आहे तो नंतरच्यांचा. संकट टळल्यावर आपली बादली विकत घेण्याऐवजी त्यांनी शेजाऱ्याला विहिरीचाच हक्क देऊन टाकला. अधूनमधून व्हेनिसवाल्यांना तुरुंगात टाकायचे, मग आरमार नसल्यामुळे तोंड द्यायला जमत नाही म्हणून सवलती परत द्यायच्या, असे चालले. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायकेल स्ट्रिफ्नॉस नावाचा आरमारप्रमुख होता. त्याने जहाजांची शिडे, नांगर, दोरखंडसुद्धा विकून खाल्ले, असे त्याच काळचा इतिहासकार निकेटास कोनिएटीस लिहितो. हे वाक्य मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. कोठारातला दोर कोणी विकला तर लढाईच्या दिवशी काय होते, हे मला वाचून कळायची गरज नव्हती.

१२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाची फौज व्हेनिसच्या जहाजांतून आली. तुर्कांविरुद्ध नव्हे, ख्रिस्ती राजधानीविरुद्ध. बरोबर व्हेनिसचा वृद्ध, आंधळा दोजे एन्रिको दांदोलो. जमिनीच्या बाजूला पाचव्या शतकात बांधलेला दुहेरी तट आणि खंदक होता. अवार, अरब, बल्गार सगळे त्याच्यापुढे थांबले होते. तो तट १२०४ लाही शाबूत होता. पण हल्ला खाडीच्या बाजूने आला. तिथली भिंत एकेरी आणि कमी उंचीची, कारण त्या बाजूचे रक्षण आरमाराने करायचे होते. जहाजांच्या डोलकाठ्यांवरून पूल टाकून माणसे बुरुजांवर उतरली. तीन दिवस लूट चालली. तिथून नेलेले ब्राँझचे चार घोडे व्हेनिसने आजही सांभाळून ठेवले आहेत.

सत्तावन्न वर्षांनी, १२६१ मध्ये, राजधानी परत मिळाली. तेवढे तरी शहाणपण येईल असे वाटते. या वेळी मदत घेतली जिनोआची, आणि सवलतीही जिनोआला. १२८५ मध्ये दुसऱ्या अँड्रोनिकसने खर्च परवडत नाही म्हणून उरलेले आरमारच मोडले. बेकार झालेले काही खलाशी शत्रूच्या चाकरीत गेले. योगायोग असा की व्हेनिसने सोन्याचा डुकाट पाडायचे ठरवले ते त्याच्या आदल्याच वर्षी, १२८४ मध्ये. चौदाव्या शतकाच्या मध्यात खाडीपलीकडच्या गलाटातल्या जिनोआवाल्यांच्या जकातीचे वार्षिक उत्पन्न २ लाख मोहरा होते आणि समोरच्या राजधानीचे ३० हजार. लवकरच कॉन्स्टँटिनोपलने सोन्याचे नाणे पाडणे बंद केले.

म्हणून १४५३ च्या वेढ्यावर मी फार लिहित नाही. तिथे उरले होते काय? लढणारी सात हजारांच्या आसपास माणसे. तटावरचा मुख्य सेनानी जिनोआचा. बरीच लढाऊ जहाजे परक्यांची. ऑर्बान नावाचा तोफ ओतणारा कारागीर आधी सम्राटाकडेच आला होता. पगार द्यायला पैसा नव्हता म्हणून तो सुलतान मेहमदकडे गेला आणि त्याने तट फोडणारी तोफ ओतून दिली. सम्राट शूर होता, हे नातवाचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा हातात फक्त शौर्य उरले होते.

आता आपल्या घरी येऊ. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. टोपीकर हे साध्या सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना किनाऱ्याला ठाणे करू देऊ नये, असा स्पष्ट इशाराही आहे. कॉन्स्टँटिनोपलची हकीकत अमात्यांपुढे असण्याचे कारण नाही. सिद्दी, पोर्तुगीज आणि मुंबईकर इंग्रज एवढे पाहूनच त्यांनी ते लिहिले.

चाळीस वर्षांनी काय झाले? तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीत नव्हता. त्याचे वर्तन चांगले होते असे मी म्हणणार नाही, तो कोकणात स्वकीयांनाही त्रास देत होता. पण नानासाहेब पेशव्यांनी त्याला वठणीवर आणण्यासाठी १७५५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. त्या वर्षी सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती एकातून दुसऱ्यात गेली आणि कान्होजींच्या वेळेपासून उभे राहिलेले आरमार खाडीतच जळाले. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना मिळाला तो काही महिन्यांनी, बाणकोट देऊन. पुढच्याच वर्षी तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह बंगालमध्ये होते, आणि जूनमध्ये पलाशी झाली. नंतर विजयदुर्गावर धुळपांनी पेशव्यांचे आरमार सांभाळले, १७८३ मध्ये इंग्रजांचे "रेंजर" पकडलेही. तरी कान्होजींच्या काळी मुंबईकरांना समुद्रावर जी धास्ती होती ती काही परत आली नाही.

कोणी म्हणेल, या दोन गोष्टींची तुलना ओढूनताणून आहे. एक हजार वर्षांचे साम्राज्य, दुसरे शंभर-दीडशे वर्षांचे राज्य. मान्य. पण दोन्हीकडे एकच हिशेब चुकला. आपले लढाऊ अंग महाग वाटले, शेजाऱ्याचे स्वस्त. शेजाऱ्याने बिल नंतर पाठवले.

शाळेला माझ्या दोन मागण्या आहेत. पन्हाळा, प्रतापगड झाले की एकदा मुलांना विजयदुर्गला न्यावे आणि तटावर फोटो काढून परतण्यापूर्वी खाली वाघोटण खाडीकडे बघत उभे करावे. आणि वादविवाद स्पर्धेला "शौर्य श्रेष्ठ की शिस्त" हा जो विषय वर्षानुवर्षे फिरतो, त्याऐवजी अलेक्सियसची सनद द्यावी. १०८२ मध्ये तुम्ही त्याचे सल्लागार आहात, नॉर्मन किनाऱ्यावर उतरले आहेत, तुमच्याजवळ जहाजे नाहीत. काय द्याल, किती वर्षांसाठी द्याल, आणि परत कसे घ्याल? मुले बोलतील त्याहून पालकांत जास्त भांडण होईल असा माझा अंदाज आहे.

पालकांनाही एक सांगतो. बारावीनंतर मुलगा म्हणाला की मला लॉजिस्टिक्समध्ये, जहाजबांधणीत किंवा संरक्षण खात्याच्या हिशेबात जायचे आहे, तर तोंड वाकडे करू नका. तो लढाईतून अंग काढून घेत नाही.

"स्ट्रॅटेजिकॉन"चे इंग्रजी भाषांतर मिळते, शाळेच्या ग्रंथालयाने ते मागवावे. आज्ञापत्राची प्रत आहे का, तेही कोणीतरी कपाटात पाहून मला कळवा. नसेल तर नातू सुट्टीहून परतताना त्याच्या ट्रंकेत एक घालून देईन.